तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन होतं, तर लावलं का नाही?

आमचं रेडिओ केंद्र कसं उभं राहिलं हे सांगायला कुठंही गेले, की एकजण तरी विचारतोच, "२०१९च्या कोल्हापूरच्या पुरात रेडिओचं मशीन तुमच्या खोलीत होतं म्हणे. मग लावलं का नाही?" दरवेळी मी परवान्याचं सांगून विषय संपवते. आज सगळं सांगते.

परवान्याचं खोटं नाही. २००६ पासून आमच्यासारख्या संस्थांना सामुदायिक रेडिओ, म्हणजे आपल्या भागापुरतं छोटं केंद्र, काढता येतो. पण दिल्लीच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाशी करार झाला, फ्रिक्वेन्सी मिळाली, तरी केंद्र चालवायचा वायरलेस परवाना वेगळा लागतो. तो नसताना प्रसारण करणं गुन्हा. आमचा तेवढाच एक कागद दिल्लीहून यायचा होता. बाकी सगळं तयार. गच्चीवर मनोरा, खोलीत ५० वॉटचा ट्रान्समीटर, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गल्लीतल्या बायकांनी दिलेल्या वाकळा. सुरुवात जात्यावरच्या ओव्यांनी करायची, हेही ठरलेलं.

आणि ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली. नदीची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आंबेवाडी, चिखलीला वेढा पडला. शिरोलीपाशी हायवे बंद. 'रेडिओ येतोय' म्हणत आम्ही गावोगाव नंबर वाटले होते, त्यामुळं लोक आम्हालाच फोन करू लागले. मी वही घेऊन बसले. दर तासाची पातळी, राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले, नाव कुठल्या गल्लीत लागली. फोन येईल त्याला वाचून दाखवायचं.

एका रात्री चिखलीच्या एका मावशींचा फोन आला. पाणी उंबऱ्याला लागलेलं.

"ताई, म्हसरांची दावी सोडू का? का उतरंल सकाळपातूर?"

वहीत बघितलं. गेल्या तीन तासांत पाणी चढतच होतं. म्हटलं, सोडा आणि माडीवर जावा.

"बरं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पलीकडच्या आक्काचा मोबाईल बंद पडलाय, तिला कसं सांगू? तुमचा रेडिओ लागला का? तिच्याकडं सेलवरचा हाय."

फोन कट झाला. परत लागला नाही.

मशीनचं काम बघणारा आमचा पोरगा मागंच उभा होता. इन्व्हर्टर चालू होता. त्यानं ट्रान्समीटरच्या बटणावर हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नको."

आकाशवाणी होती की, असं मी तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणते. ते अख्ख्या जिल्ह्याला सांगत होते, नीट सांगत होते. पण आक्काच्या गल्लीत पाणी किती आणि नाव कधी, हे माझ्या वहीत होतं. परवाना असता तर प्रशासनाच्या पुराच्या सूचना द्यायला नियमानं मुभाच होती. म्हणजे सांगायचं त्यात काही गैर नव्हतं, कागद तेवढा नव्हता. तर तेव्हाची मी म्हणते, एका रात्रीपायी केंद्र कायमचं गेलं असतं, पुढच्या पुराला काय केलं असतंस? मी तिला विचारते, त्या पाण्यात दिल्लीहून कोण बघायला येणार होतं? ती गप्प बसत नाही आणि मीही नाही. एवढंच कबूल करते, की "नको" म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर आमचा अर्ज होता, आक्का नव्हती.

परवाना दिवाळीनंतर आला. पहिल्या दिवशी ओव्याच लावल्या. मावशींची म्हसरं पोहत उंचवट्याला लागली होती, ती सापडली. आक्काला दुसऱ्या दिवशी नावेतून काढलं. तिच्या दोन म्हशी दाव्यालाच गेल्या.

आक्का आता दर मंगळवारी ओव्या गायला येते. मशीनच्या समोरच्या खुर्चीत बसते. तुम्ही विचारता ते तिनं मला कधीच विचारलेलं नाही. मीही आपण होऊन अजून सांगितलेलं नाही.