आंधळगाव ते वडसा: पोशाख शिकणाऱ्यांनी झाडीत काय बघावं

पोशाख-आरेखन शिकणारी मुलं विदर्भात येतात, नागपुरात साड्यांची दोन दुकानं बघतात, काठांचे फोटो काढतात आणि परत जातात. नक्षी फोटोत येते, तिची बांधणी येत नाही. बांधणीसाठी भंडारा ओलांडून मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावला जायला हवं. झाडीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याची, फेरी आम्ही तिथूनच सुरू केली.

करवत काठी या इथल्या साडीचं अंग कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, आणि काठ सुती. दोन्ही जिथे मिळतात तिथे करवतीसारखे दात दिसतात. हे दात भरतकामाचे नाहीत, छापलेलेही नाहीत. मागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, एक अंगाचा आणि दोन काठांचे. अंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, दाताच्या टोकापर्यंत जातो, काठाच्या बाण्यात अडकतो आणि मागे फिरतो. प्रत्येक फेऱ्याला हे दोन्ही काठांवर करायचं. दोरी ओढली की धोटा या टोकाहून त्या टोकाला पळाला, ही सोय इथे चालत नाही. साडीची किंमत त्या वेळाची आहे.

विणकराजवळ बसलात तर हातांपेक्षा सांध्याकडे बघा. अडकवण सुटली की दातापाशी उभी फट राहते. बाणा जास्त ओढला की काठ आत खेचला जाऊन सुरकुततो. विकत घेताना साडी उलटी करा. अस्सल करवतीचे दात दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. मागे सुटे धागे तरंगत असतील तर काठ जादा धाग्यांचा आहे, मागची बाजू फिकट असेल तर छापील. हे कापड कापून जॅकेट शिवायचा विचार असेल तर आधी हातभर तुकडा धुऊन बघा. सूत आणि कोसा सारखे आटत नाहीत, त्यामुळे कच्चं सूत वापरलेलं असेल तर शिवणीजवळ फुगे येतात.

रंगाचंही तसंच. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्यावर वाढणाऱ्या अळीचा हा कोशाचा धागा मुळातच बदामी-करडा असतो. त्यावर फिकट गुलाबी किंवा आकाशी चढवला की मळकट दिसतो. मग मुलं धागा शुभ्र करून घेतात. त्यात धाग्याचा जोर कमी होतो आणि कोशाची ओळखही जाते. मेंदी, जांभळा, विटकरी, मोरपंखी हे रंग मात्र बदामी अंगाला धरून बसतात. आमचं मत विचाराल तर अंग न रंगवता काठावरच रंग ठेवावा. जुन्या साड्यांनी हेच केलंय.

पवनी, ब्रह्मपुरी करत वैनगंगा ओलांडली की वडसा, सरकारी नाव देसाईगंज. झाडीपट्टी रंगभूमीचा, म्हणजे झाडीतल्या गावोगाव होणाऱ्या नाटकांचा, कारभार याच गावातून चालतो. नाटक मंडळ्यांची कार्यालयं इथे आहेत. हंगाम दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटांबरोबर (बैलांच्या शर्यती) सुरू होतो आणि होळीच्या आसपास संपतो. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटक रात्री दहाच्या सुमारास उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. घोंगडी न्या. डिसेंबरात इथली थंडी चेष्टा नाही.

नाटकातले कपडे शिकायचे तर पुढची जागा पकडू नका. पहिला अंक मागच्या शेवटच्या रांगेतून बघा. तिथून बुट्टी दिसत नाही. दिसतो तो काठ, ओढणीचा कोन आणि डोक्यावरचा पदर. बारीक भरतकाम इथे वाया जातं, चार बोटं रुंद काठ काम करतो. दुसऱ्या अंकात प्रकाशाकडे लक्ष द्या. निळा दिवा लागला की लाल लुगडं काळं पडतं आणि लाल दिव्यात हिरवं काळवंडतं. म्हणून वहीत साडीचा रंग लिहिताना शेजारी दिव्याचा रंग लिहायचाच, नाहीतर ती नोंद घरी गेल्यावर कामाची नाही. टिकल्यांचं कापड समोरच्या प्रखर झोतात नुसतं पांढरं चमकतं, चेहरा हरवतो.

मागचे रंगवलेले पडदे मिळाले तर हात लावून बघा. भुकटी रंग सरस या चिकट द्रवात कालवतात. सरस जास्त झाला तर पडदा गुंडाळताना रंग तडकतो, कमी झाला तर बोटांना भुकटी लागते. फ्लेक्सचा पडदा टिकतो, पण दिवा परावर्तित करतो आणि त्याच्यापुढे कोसा निस्तेज दिसतो.

दिवाळीत पोहोचलात तर गुरं राखणाऱ्या गोवारी समाजाचं गायगोधन, म्हणजे गाईंची पूजा आणि नाच, चुकवू नका. नाचणाऱ्यांच्या अंगावर कवड्यांचं काम असतं आणि त्याला दृश्यापेक्षा आवाज जास्त. कवडीची फुगीर पाठ घासून सपाट केलेली असते, म्हणजे ती कापडावर नीट बसते आणि आरपार दोरा जातो. घासलेली कड धारदार राहिली तर नाचताना दोरा कापते. नक्कल करायची असेल तर कड पॉलिश पेपरने मारा, मेण लावलेला दुहेरी सुती दोरा घ्या आणि दर चार-पाच कवड्यांनंतर गाठ मारा. एक तुटली तरी ओळ सांडत नाही. अस्तर जाड हवं, पातळ कापड वजनाने लोंबतं.

फोटो विचारूनच काढा. ढालीच्या (गोवाऱ्यांचं पूजेचं प्रतीक) पूजेच्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवलेला बरा.

दिवस हाताशी असेल तर चामोर्शीजवळचं मार्कंडा करा. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वाहते आणि देवळांच्या भिंतींवरचे मूर्तींचे दागिने, कमरपट्टे, केशरचना आरेखनाला उत्तम. सकाळचं तिरपं ऊन असताना चित्रं काढा. दुपारी दगड सपाट दिसतो आणि कमरपट्ट्याच्या लडी मोजता येत नाहीत.