कितवी शिट्टी?

दुपारी कुकर लावून पेपर घेऊन बसले. पहिली शिट्टी माझीच. दुसरी आपली की शेजारच्यांची, या घोळात मन जे घसरलं ते थेट कुर्डुवाडीला.

घरामागून बार्शी लाईट रेल्वेची लाईन जायची. मला वाटायचं, गाडीत दिवे आहेत म्हणून लाईट. डब्यातला उजेड पाहता नाव चेष्टेनंच ठेवलेलं असणार! पण ती लाईट म्हणजे वजनानं हलकी. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरनं १८९७ साली बार्शीपर्यंत आणलेली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, रूळ यार्डाला ३० पौंडांचे, एका आसावर फार तर ५ टन भार. तेवढ्या काटकपणावर ती पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली. आमच्या स्टेशनचं जुनं नाव मात्र बार्शी रोड. गाव आमचं, नाव त्यांचं. बार्शीच्या नातेवाइकांनी हे आम्हाला कधी विसरू दिलं नाही.

घरात घड्याळ होतं, पण ते आजोबांचं. बाकीचं घर शिट्टीवर चाले. ‘बार्शीची गेली, तांदूळ धू.’ ‘पंढरपूरची यायची आहे, अजून कसली भूक?’ मोठ्या लाईनीचं इंजिन हंबरायचं, आमचं चिरकायचं. आईला तर पॅसेंजर आणि मालगाडीसुद्धा आवाजावरून कळायची. आजोबा हसायचे. तरुणपणी ते गिरगावात राहिलेले. १९०६ साली देशाची वेळ एक झाली, तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नव्हती. गाड्या मात्र देशाच्या वेळेवर धावायच्या. त्यामुळे कुणी ‘आठला भेटू’ म्हणालं की आजोबा सवयीनं विचारायचे, ‘घड्याळाचे आठ की गाडीचे?’

उन्हाळ्यात शिट्टीचं काम वाढायचं. अंगणात वाळवण असे. कुर्डुवाडीच्या कुरडया, हा विनोद दर वर्षी कुणीतरी करायचंच. गाडी आली की कोळशाची कणी उडे, म्हणून शिट्टी झाली रे झाली की कुरडयांवर आजीचं जुनं लुगडं पसरायचं आणि धूर विरल्यावर काढायचं. एका दुपारी आजीचा डोळा लागला आणि पहारा माझ्याकडे आला. शिट्टी मी ऐकली. लुगड्याचं एक टोक हातात धरलंसुद्धा. पण शेवटच्या डब्यातल्या गार्डनं हिरवं निशाण हलवलं, ते माझ्यासाठीच होतं याबद्दल मला आजही शंका नाही, आणि मी उलट हात हलवत राहिले. लुगड्यानंच हलवला बहुतेक.

मागे वळून पाहिलं तर पांढऱ्या कुरडयांवर बारीक काळे ठिपके. फुंकून जाईनात. पुसायला गेले तर ओल्या कुरडयांवर रेघा उमटल्या. आजी उठली, कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. मी रडायच्या बेतात. ती म्हणाली, ‘असू दे. तीळ घातलेत म्हणून सांगू.’

आणि खरंच सांगितलं तिनं. आषाढात आत्याचे यजमान आले, तेव्हा त्याच तळल्या. त्यांनी दोन खाल्ल्या. कुरकुर कमी, करकर जास्त. ‘तीळ कुठले हो?’ त्यांनी विचारलं. आजी शांतपणे म्हणाली, ‘इथलेच, मागच्या दारचे.’ आई स्वयंपाकघरात पळाली. मी पाटावर खाली मान घालून भात चिवडत राहिले.

आता तिथं मोठी लाईन झाली, कोळसा गेला. वाळवणंही फारशी कुणी घालत नाही.

कुकर केव्हाचा गप्प आहे. म्हणजे एक तर पाणी संपलं, नाहीतर गॅस. उठायला हवं.