तुम्ही विचारलंत म्हणून : आजीसकट सगळे हसतील असा पिक्चर

"मॅडम, सुट्टीत सगळ्यांनी मिळून बघता येईल असा एखादा कार्टूनचा पिक्चर सांगा ना. हसवणारा. घरी सासू-सासरे आहेत, धाकटा पाच वर्षांचा, मोठी आठवीत. सगळ्यांना आवडला पाहिजे."

नाशिकच्या ज्या शाळेत मी चित्रकला शिकवते, तिथल्या पालकसभेत हा प्रश्न मला हमखास येतो. मागे रांग असते, मी घाईघाईत एखादं नाव सांगते आणि पुढच्या पालकांकडे वळते. पण हा प्रश्न असा उभ्या उभ्या निकालात काढण्यासारखा नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

"सगळ्यांना आवडला पाहिजे" हे तुमचं शेवटचं वाक्य मी फार मनावर घेते. एरवी घरात होतं काय, की पोरांना कार्टून लावून दिलं जातं आणि मोठी माणसं आपापल्या कामाला किंवा मोबाइलला लागतात. आजी कौतुकानं शेजारी बसतात खऱ्या, पण पंधरा मिनिटांत त्यांचा डोळा लागतो, कारण पडद्यावर कोण काय बोलतंय ते त्यांना कळत नाही. आमच्या सासूबाईंचंच उदाहरण घ्या. माहेर-सासर दोन्ही सिन्नर तालुक्यातलं. मराठी खणखणीत, हिंदी कामापुरती, इंग्रजी नाही. खाली पाट्या येतात त्या चष्मा सावरेपर्यंत निघून जातात. अशा माणसाला बोलण्यातला विनोद कितीही चांगला असला तरी काय उपयोग? म्हणून पिक्चर निवडताना मी आधी एकच बघते : आवाज पूर्ण बंद केला तरी हसू येईल का? येत असेल, तर तो पिक्चर तुमच्या घरातल्या प्रत्येकासाठी आहे.

या कसोटीला सगळ्यात खरा उतरणारा म्हणजे 'शॉन द शीप मूव्ही', २०१५ चा. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओनं केलेला. पात्रं मातीची. म्हणजे मॉडेलिंग क्लेसारख्या पदार्थाच्या बाहुल्या करायच्या, त्यांचा हात केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात, म्हणजे दिवसभर खपून एका कलाकाराच्या हाती जेमतेम काही सेकंद लागतात. आणि अख्ख्या पिक्चरमध्ये कळेल असा एक शब्द कुणी बोलत नाही. माणसंसुद्धा नुसती पुटपुटतात. त्यामुळे भाषेचा प्रश्नच मिटला.

गोष्ट अशी : रोज तोच दिनक्रम, तीच दावण, याला कंटाळलेला शॉन नावाचा मेंढा एक दिवस सुट्टी घ्यायचं ठरवतो. त्यासाठी मालकाला झोपवायला हवं. तिकडे झोप येत नसली की उड्या मारणाऱ्या मेंढ्या मोजायची पद्धत आहे. तर हा सगळा कळप मालकासमोर एका फाटकावरून उड्या मारतो, मागून वळसा घालून परत येतो, पुन्हा उडी. मालक उभ्या उभ्या पेंगायला लागतो. सासूबाईंना ती मोजायची पद्धत कुठून माहीत असणार? पण एकामागून एक त्याच चेहऱ्यानं उडी मारणारी मेंढरं बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. "अश्शीच असतात गं मेंढरं," म्हणाल्या, "एक गेलं की सगळी मागं." सिन्नरकडे सुगीनंतर रानात बसवलेले धनगरांचे कळप बघत त्या मोठ्या झाल्या. ब्रिस्टलच्या कलाकारांनी मेंढरू नीट पारखलंय याची त्यांच्याकडून मिळालेली पावती मला फार मोलाची वाटते.

पुढे मालक शहरात हरवतो, डोक्याला मार बसून सगळं विसरतो आणि मेंढ्या भादरायचा हात असल्यामुळे सलूनमध्ये नावाजलेला केशरचनाकार होऊन बसतो. त्याला शोधायला माणसांचे कपडे घालून शहरात आलेल्या मेंढ्या एका भारी हॉटेलात बसतात. तिथं वागायचं कसं हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून शेजारच्या टेबलावरचा माणूस जे करेल ते सगळ्या हुबेहूब करतात. आमच्याकडे या प्रसंगाला सगळ्यात जास्त कोण हसलं सांगू? माझे यजमान. लग्नानंतर पहिल्यांदा मोठ्या हॉटेलात गेल्यावर काटे-चमचे कुठल्या हातात धरायचे हे शेजारच्या टेबलाकडे बघून ठरवलेलं त्यांना आठवलं. पोरं मेंढ्यांच्या टोप्यांना हसत होती, हे त्या आठवणीला हसत होते आणि सासूबाई दोघांकडे बघून. कारणं तीन, पण हशा एकदमच.

मला कुटुंबाचा पिक्चर म्हणतात तो हाच वाटतो. प्रत्येकाला एकच विनोद कळला पाहिजे असं मुळीच नाही. एकाच क्षणात प्रत्येकासाठी काहीतरी ठेवलेलं असावं.

इथं थोडं विषयांतर करते, कारण नाशिककरांना हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. असा केसभर हलवून, थांबून, फोटो काढण्याचा खटाटोप आपल्या मातीत फार आधी झालाय. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७० चा. भांडवल उभं करायचं म्हणून १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची महिनाभराहून जास्त काळ रोज एकेक चौकट टिपली आणि बी फुटून वेल होताना लोकांना मिनिटभरात दाखवला. पुढे बिऱ्हाड आणि स्टुडिओ नाशकात आणल्यावर, १९१५ मध्ये, त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काड्यापेटीतल्या काड्या आपोआप हलतात, आकार घेतात, अशी छोटीशी फिल्म. आज ती बघायला मिळत नाही, याची मला खरंच हळहळ वाटते. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारकात सहल जाते तेव्हा मी मुलांना हे सांगतेच. आणि परत आल्यावर वर्गात काड्या वाटते, गुल काढून टाकलेल्या. काळा कागद, वर मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवलेला. काडी सरकव, हात काढ, फोटो. सातवीतल्या एका मुलानं दोन काड्या समोरासमोर ठेवून एकीला हळूहळू वाकवत दुसरीला नमस्कार करायला लावला, आणि दुसरीनं आशीर्वाद द्यायच्या ऐवजी वळून पळ काढला. वर्ग खो-खो हसला. नाक-डोळे नसलेल्या दोन काड्या! हसू कुठून आलं? काडी पळायच्या आधी त्यानं तिला चार फोटोंपुरती जागीच ठेवली होती. ती क्षणभर विचार करतेय असं वाटलं. ॲनिमेशनमधल्या विनोदाचा जीव त्या थांबण्यात असतो.

तसलं थांबणं पोटभर बघायचं असेल तर २०१६ चा 'झूटोपिया' लावा. प्राण्यांचं शहर, त्यात पोलिसात भरती झालेली एक ससुली आणि एक बेरकी कोल्हा. तिला एका गाडीच्या नंबरावरून मालक शोधायचाय, तोही तातडीनं. ती वाहन नोंदणीच्या कचेरीत जाते आणि तिथले सगळे कर्मचारी स्लॉथ. हा झाडाला लटकून राहणारा, अत्यंत मंद प्राणी. खिडकीपलीकडचा फ्लॅश नावाचा कारकून एक अक्षर दाबतो. थांबतो. दुसरं दाबतो. ससुलीचा जीव वरखाली होतोय आणि कोल्हा मुद्दाम त्याला एक विनोद सांगतो. मग तो विनोद फ्लॅशच्या चेहऱ्यावर पोचायला लागतो. आधी डोळे, मग गाल, मग ओठांचा एक कोपरा, मग दुसरा. हसू पूर्ण उमलेपर्यंत अख्खं घर लोळायला लागलेलं असतं. आणि ते झाल्यावर त्याला तो विनोद शेजारणीला सांगायचा असतो! लहान मुलं त्या संथ चेहऱ्याला हसतात. मोठ्यांना आपण कुठल्या कुठल्या खिडकीसमोर कागद धरून उभे होतो ते आठवतं. बाकी पिक्चरमध्ये थोडी धरपकड आहे, काळोखातले एक-दोन प्रसंग पाच-सहा वर्षांच्या मुलाला घाबरवू शकतात, तेवढं मांडीवर घेऊन बसा.

'कुंग फू पांडा'बद्दल फार लिहीत नाही, २००८ चा आहे आणि बऱ्याच घरांत पाहून झालेला असतो. फक्त एवढंच सांगते की एका उकडलेल्या कानोल्यासाठी गुरू आणि शिष्यात चॉपस्टिकनं जी झटापट होते, ती मुलांबरोबर एकदा सावकाश, थांबवत-थांबवत बघा. एवढ्या धांदलीतही तो कानोला कुठे आहे हे आपल्या नजरेतून एकदाही सुटत नाही. तसं चित्र आखायला फार ताकद लागते.

आता 'कोको'. २०१७ चा. खरं तर तो निखळ विनोदी नाही, शेवटाकडे डोळे भरून येतात. तरीही आजी-आजोबा असलेल्या घराला मी तो आवर्जून सांगते. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांचा सण असतो. घरात फोटो मांडतात, आवडीचं खायला ठेवतात, आणि ती माणसं त्या दिवशी घरी येऊन जातात असं मानतात. आपल्याकडच्या सर्वपित्रीला आणखी काय असतं? कितीतरी गोष्टी मला यजमानांना समजावून सांगाव्या लागल्या, सासूबाईंना एक नाही.

आणि हसू म्हणाल तर भरपूर. मिगेल या मुलाची आजी त्याला वाढायला येते. तो नको म्हणतो. ती डोळे वटारून पुन्हा विचारते, तो घाबरून हो म्हणतो, आणि ती "असंच म्हणालास ना" अशा थाटात ताट भरून टाकते. आपल्याकडे जेवायला बसलेल्या कुठल्याही पाहुण्याला विचारा! हीच आजी नातवाला नादी लावणाऱ्या गाणाऱ्याला पायातली काढून बदडते. मृतांच्या नगरीतून आपल्या जगात यायच्या पुलावर तर रीतसर तपासणीची खिडकी आहे. तुमचा फोटो कुणाच्या घरी मांडलाय का ते यंत्रावर बघतात, मगच सोडतात. एका सांगाड्याचा फोटो कुठे सापडतो? त्याच्या दातांच्या डॉक्टरांकडे! पाच वर्षांच्या मुलाला तिथं दात विचकणारा सांगाडा पुरतो. ज्यांच्या घरी भिंतीवर हार घातलेले फोटो आहेत, त्यांचं हसू थोडं वेगळं असतं, पण असतं. सांगाड्यांना मुलं घाबरतील का असंही तुम्ही विचारता. रंग इतके प्रसन्न आहेत, झेंडूच्या केशरी पाकळ्यांचा तो पूल इतका ओळखीचा वाटतो, की आमच्या घरात तरी कुणी घाबरलं नाही.

घाबरण्यावरून आठवलं. 'फाइंडिंग नेमो' फार गोड आहे, २००३ चा, पण पहिल्या काही मिनिटांतच छोट्या माशाची आई जाते. 'अप'च्या सुरुवातीलाही एका जोडप्याचं आयुष्य शब्दाविना सरकत जातं आणि बायको जाते. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर हे दोन्ही पुढे ढकला. नुसतं कार्टून आहे म्हणून बेधडक लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपलं काही आहे का, असंही विचारता. २००५ चा व्ही. जी. सामंतांचा 'हनुमान' बघा. सगळा विनोदी नाही आणि चित्रकाम वर सांगितलेल्या परदेशी पिक्चरांच्या तोडीचं नाही, पण बाळ हनुमानाचा सुरुवातीचा भाग मुलांना फार रमवतो. सूर्याला फळ समजून झेपावणारं ते गुबगुबीत पोर बघून आपल्या मुलांना दुप्पट मजा येते, कारण त्र्यंबकच्या वाटेवरची अंजनेरी त्यांनी पाहिलेली असते, चढलेलीसुद्धा असते. "मॅडम, तो आपल्या इथूनच उडाला ना?" असं मला एका चिमुरडीनं विचारलं होतं. मी हो म्हणाले. आपल्याकडची श्रद्धा तीच आहे. मराठीत मात्र असा अख्ख्या घराला हसवणारा मोठा ॲनिमेशनपट व्हावा ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. फाळक्यांच्या गावात काड्या हलवणारी पोरं आहेत, त्यातल्या कुणी करावा.

राहिली बसायची व्यवस्था, कारण निम्मा रसभंग तिथंच होतो. जेवणं आधी उरकून घ्या. आजी-आजोबांना समोरची जागा द्या, बाजूच्या सोफ्यावर नको, मान वाकडी करून दीड तास बघवत नाही. लहान मुलं खाली सतरंजीवर. हाताशी चिवडा, भेळ, मे महिना असेल तर पन्हं, पण वाट्या आधीच भरून ठेवा, नाहीतर घरातली बाई अर्धा पिक्चर स्वयंपाकघरातून ऐकते. विनोद समजावून सांगायच्या भानगडीत पडू नका, कुणी विचारलं तरच सांगा. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. आणि बोलपट असेल तर हिंदी आवाज कुठे मिळतो ते सगळे बसायच्या आधी शोधून, लावून, दोन मिनिटं चालवून बघा. पहिल्यांदाच बसणार असाल तर 'शॉन'पासून सुरुवात करा, त्याला तेवढीही तयारी लागत नाही.