अ‍ॅक्सेसमधला क्रॉसटॅब पोस्टग्रेसमध्ये आणताना

मार्केट यार्डातल्या एका आडत्याचा हिशेब कित्येक वर्षं मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये होता. तो पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. आवक, वजन, भाव, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी, सगळं नीट उतरलं. गाडं अडलं एका तक्त्यावर. दिवाणजींना दर आठवड्याला लागतं ते असं: डावीकडे शेतकरी, वर वार आणि चौकटीत त्या दिवशी आलेल्या कांद्याच्या गोणी. अशा तक्त्यालाच क्रॉसटॅब म्हणतात.

अ‍ॅक्सेसमध्ये याला 'ट्रान्सफॉर्म' आणि 'पिव्हट' असे दोन शब्द पुरतात, रकाने किती ते त्याचं ते शोधतं. या बाबतीत अ‍ॅक्सेससारखं गुणी काही नाही. एसक्यूएल सर्व्हरने 2005 च्या आवृत्तीत पिव्हट आणलं, ओरॅकलने 11जी मध्ये. पण दोन्हीकडे रकाने कोणते ते एरवी आपणच लिहून द्यावं लागतं. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये तर पिव्हट हा शब्दच नाही. कारण रास्त आहे: क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालण्याआधीच उत्तरात कोणते रकाने येणार हे डेटाबेसला ठाऊक असावं लागतं आणि क्रॉसटॅबमध्ये ते डेटा वाचल्यावरच कळतं.

पोस्टग्रेससोबत 'टेबलफंक' नावाचं एक्स्टेन्शन (वरून जोडायचा भाग) येतं, त्यात 'क्रॉसटॅब' फंक्शन आहे. आधी तेच घेतलं. चाचणीसाठी एक शेतकरी असा निवडला, ज्याचा माल सोमवारी आणि बुधवारी आला होता, मंगळवारी नाही. तक्त्यात बुधवारच्या गोणी मंगळवारखाली दिसल्या! एकाच क्वेरीवर चालणारं क्रॉसटॅब मिळालेले आकडे डावीकडून भरत जातं, मधला वार गळाला तरी त्याला पत्ता नसतो. आकडे खरे, जागा खोटी; आणि एकूण बेरीज बरोबर येत असल्याने कुणाला संशयही येत नाही. मला हे फार धोक्याचं वाटतं. वारांची यादी देणारी दुसरी क्वेरी सोबत दिली की हे थांबतं. ती दिल्याशिवाय हे फंक्शन कुणी वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटी मी तेही सोडलं. वार सातच, ते काही बदलत नाहीत. मग प्रत्येक वारासाठी एक बेरीज आणि तिला 'फिल्टर'ची अट, शेतकऱ्यानुसार ग्रुप बाय (म्हणजे गट), झालं काम. ही सोय पोस्टग्रेसमध्ये 9.4 पासून, म्हणजे 2014 पासून आहे. जिथे नाही तिथे बेरजेच्या आत 'केस' (अमुक अट असेल तर हे, 'एल्स' म्हणजे नाहीतर ते) लिहा, ते बहुतेक ठिकाणी चालतं. फक्त 'एल्स शून्य' लिहू नका. माल आलाच नाही तिथे दिवाणजींना शून्य चालत नाही, चौकट कोरी हवी असते. 'एल्स' गाळलं की तिथे नल, म्हणजे रिकामी जागा, येते.

दुसरा तक्ता मालाच्या प्रतीनुसार होता आणि प्रती हंगामागणिक बदलतात. 9.6 पासून पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या टर्मिनलवर चालणाऱ्या साधनात, 'क्रॉसटॅबव्ह्यू' आहे, मी स्वतः पडताळायला तेच वापरतो, पण ते त्या टर्मिनलपुरतंच. दिवाणजींसाठी डेटाबेसमधून उभ्या ओळीच काढल्या (शेतकरी, प्रत, गोणी) आणि आडवी मांडणी एक्सेलच्या पिव्हट टेबलवर सोपवली. नवी प्रत आली तर ते रिफ्रेश करतात आणि रकाना आपसूक वाढतो, क्वेरीला हात लावावा लागत नाही.