थर्टी-थर्टीचा डबा

आयटीतली नोकरी गेली तेव्हा ओहायोतल्या एका दुकानात बंदुकांच्या काउंटरवर उभा राहिलो, दोन महिन्यांपुरता म्हणून. हा माझा तिसरा सीझन. आई फोनवर अजून विचारते, "हरणं मारायच्या गोळ्याच विकतोस ना रे?" मी विषय बदलतो.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी ही झुंबड. सोमवारी हरणांचा गन सीझन, म्हणजे बंदुकीनं शिकारीचा हंगाम, उघडणार होता. सत्तरीच्या पुढचे एक आजोबा आणि बारा-तेरा वर्षांचा नातू समोर आले. "थर्टी-थर्टी, 170 ग्रेन, एक डबा." थर्टी-थर्टी हे रायफलचं काडतूस; ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप. मी डबा काढला, स्कॅन केला. काडतुसं परत घेत नाही, हे सांगायचं म्हणून मान वर केली, तर पोरगा खुशीत म्हणाला, "सोमवारी पहिल्यांदा जातोय. इथेच, आजोबांच्या रायफलनं."

पैसे घ्यायच्या आधी हात थांबला. हे मी आधी विचारायला हवं होतं.

ओहायोत 2014 पर्यंत हरणावर काडतुसाची रायफल चालतच नव्हती; शॉटगन आणि स्लग, म्हणजे तिची एकच जाड गोळी. तेव्हापासून चालते, पण काडतुसाची पुंगळी सरळ हवी आणि गोळीचा व्यास .357 ते .50 इंचांत. थर्टी-थर्टीची पुंगळी तोंडाशी बाटलीसारखी निमुळती, गोळी .308. दोन्हीकडे नापास.

आजोबांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "पेन्सिल्व्हेनियात चाळीस वर्षं हीच वापरली. 1895 चं काडतूस आहे हे. तुझा कायदा कालचा." कायदा माझा नव्हता, पण वाद कशाला घालायचा!

मागच्या रांगेतून सल्ला आला: ".450 बुशमास्टर द्या, दणकट काडतूस, हरीण जागेवर बसेल." हरीण बसेल, पण पोराचा खांदाही बसेल. पहिल्याच बाराला असा दणका खाल्ला की पुढच्या वेळी चाप ओढताना डोळे मिटतात, आणि जखमी हरीण रात्रभर रक्त सांडत फिरतं. मी .350 लेजंड काढलं. 2019 चं, सरळ पुंगळीचं काडतूस, धक्का सौम्य, शंभर-दीडशे यार्डांपर्यंत पुरेसं. नातवाच्या मक्याच्या शेताकडेला त्याहून लांब दिसणार तरी काय?

"तीनशे पन्नास म्हणजे तीसपेक्षा किती मोठं?" पोरानं विचारलं. या आकड्यांनी मीही पहिले सहा महिने चक्रावलो होतो. थर्टी-थर्टीतला दुसरा तीस म्हणजे काडतुसात मूळ भरायच्या बंदुकीच्या दारूचं वजन ग्रेनमध्ये. थर्टी-ऑट-सिक्स या दुसऱ्या काडतुसातला सहा म्हणजे 1906 साल. आणि .350 ची गोळी प्रत्यक्षात .350 ची नाहीच, किंचित जाड आहे, म्हणून नियमात बसते. पोरगा हसला. आजोबा नाही.

शेवटी एका वेळी एकच काडतूस बसणारी स्वस्त रायफल निघाली. पोराच्या खांद्याला दस्ता लावून बघितला, आजोबांनी बंदूकखरेदीचा फॉर्म भरला, पार्श्वभूमी तपासणीचा होकार आला. 150 ग्रेनचे दोन डबे दिले. त्यातला एक सोमवारच्या आधी शंभर यार्डांवर कागदावरच संपवा, असं बजावलं.

स्कॅन केलेला थर्टी-थर्टीचा डबा मी बिलातून काढायला लागलो. आजोबांनी त्यावर हात ठेवला.

"राहू दे. पेन्सिल्व्हेनियात शनिवारी उघडतोय."