बेलहाउसिंगचे बोल्ट

नाशिकला अंबडमध्ये माझं गॅरेज आहे. ऑइल लिकेजच्या गाड्या रोजच्याच, त्यात लिहिण्यासारखं फारसं काही नसतं. पण एका वॅगन आरचं डोक्यातून जात नाही. गाडी दुरुस्त झाली, मालक खूश आहेत. मालकांना मी जे सांगितलं, त्यावरून मात्र गॅरेजमध्ये अजून वाद चालू आहे.

गाडी २०११ ची, एक लिटरचं पेट्रोल इंजिन. मालक सिडकोत राहणारे निवृत्त शिक्षक. वणीला गडावर जाताना नांदुरीचा घाट लागला की गाडीत जळक्या तेलाचा वास यायचा, आणि पार्किंगच्या फरशीवर रोज सकाळी डाग. आधीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथलं तेल अडवणारं कडं, गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. सर हो म्हणाले. साडेसहा हजार मोजले. डाग पडायचा थांबला नाही. मग त्याने जाड ऑइल भरून दिलं. तरी थांबेना, तेव्हा म्हणाला, आता इंजिनच खोलू. तिथे सरांच्या मुलीने नको म्हटलं आणि गाडी माझ्याकडे आली.

लिकेजच्या गाडीचं मी आधी काहीच उघडत नाही. गळतंय ते नक्की काय आहे, हे बघतो. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवायला सांगतो. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. कूलंट रंगीत आणि पातळ. एप्रिल-मेमध्ये एसीचं स्वच्छ पाणी बघून घाबरलेली माणसंही येतात, त्यांना तसंच परत पाठवायचं असतं. पैसे घेणारे घेतात.

मग इंजिन धुणं. हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कुणाला करायचं नसतं, कारण त्यात वेळ जातो आणि बिलात मोठा आकडा लावता येत नाही. तेल जिथे ठिबकतं तिथूनच गळत असतं असं नाही. ते वरून ओघळतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे सरकतं, बोल्टच्या कडेकडेने वाट काढतं आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यावरून टपकतं. इंजिन आणि गिअरबॉक्सचा जोड म्हणजे बेलहाउसिंग, हा तसाच कोपरा. तिथे थेंब दिसला की पुढचं काही न बघता 'सील गेलं' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सील स्वस्तच असतं. तिथपर्यंत पोचायची मजुरी मोठी असते.

सरांची गाडी धुतली, हवा मारून कोरडी केली, आणि टॅपेट कव्हरपासून, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणापासून, खाली तेल साठतं त्या चेंबरपर्यंत सगळीकडे टाल्कम पावडर मारली. महागडं काही लागत नाही, घरातला डबा चालतो. गाडी पाथर्डी फाट्यापर्यंत फिरवून आणली आणि टॉर्च घेऊन वाकलो. पांढऱ्या पावडरवर एकच ओली रेघ होती. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून निघालेली, ब्लॉकवरून तिरपी उतरून बेलहाउसिंगच्या जोडावर आलेली. क्रँक सील गळत असतं तर वरची पावडर कोरडी राहिली असती. सरांना बोलावून ती रेघ दाखवली. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे हे कुणालाही दिसलं असतं."

कव्हर काढलं. रबराचं पॅकिंग इतकं कडक झालेलं की वाकवल्यावर मोडलं. या वयाच्या गाडीत त्यात नवल नाही, पण नुसतं पॅकिंग बदलून मी गाडी देत नाही. इंजिनच्या पोटात साठणारा वायू बाहेर काढायला कव्हरवर एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो अडकला की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं. मग कितीही नवं पॅकिंग बसवा. व्हॉल्व्ह काढून कानाजवळ हलवला की आतून खडखड ऐकू यायला हवी. हा मुका होता, काजळीने भरलेला. तोही बदलला. टायमिंग कव्हर आणि हेड जिथे भेटतात त्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा छोटा ठिपका, बाकी कुठेही नाही. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टॉर्क पान्यानेच, म्हणजे ठरवलेल्या ताणापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने. एवढ्याशा बोल्टला दहा न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो. हाताने 'अजून थोडं' करणारे पॅकिंग चेमटवतात आणि लिकेज नव्याने सुरू करतात. जाड ऑइल काढून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं भरलं. लिकेज थांबवायला जाड ऑइल टाकणं हा इलाज नाही. त्याने थंड इंजिनमध्ये तेल वर पोचायला उशीर तेवढा होतो.

हे सगळं करताना गॅरेजमधला हाताखालचा पोरगा पीटमध्ये, गाडीखालच्या खड्ड्यात, उतरलेला होता. त्याने खालून हाक मारली, "दादा, जरा बघता का?"

बेलहाउसिंगचे बोल्ट. गिअरबॉक्स उतरवायचा तर ते सगळे खोलावेच लागतात. पाना लागला की बोल्टच्या कडा घासून चकचकीत होतात, निदान कोपऱ्यातला गंज तरी सुटतो. इथे प्रत्येक बोल्टच्या बुडाशी मातीचा जुना, दगड झालेला थर होता. एवढ्यावरून मी कुणाबद्दल काही बोलणार नाही, म्हणून पुढे बघितलं. गिअर ऑइल सोडायच्या ड्रेन नटवर तोच थर. गिअरबॉक्सच्या माउंटिंगचे बोल्टही तसेच. गिअरबॉक्स उतरवायला चाकांकडे जाणारे एक्सल काढावे लागतात, आणि एक्सल काढायचे तर ते गिअर ऑइल आधी सोडावं लागतं. हा गिअरबॉक्स कधी उतरलेलाच नव्हता.

आमचे जुने मिस्त्री हळूच म्हणाले, "आपलं काम झालं. दुसऱ्याच्या कामावर बोट ठेवायचं नाही. या लाइनीत असं करत नाहीत." पोरगाही त्यांच्याच बाजूने. म्हणे म्हातारा माणूस, उगाच जिवाला लावून घेईल.

मी सांगितलं. सरांना पीटच्या कडेला उभं करून, बोल्टचे फोटो मोबाइलवर मोठे करून दाखवले. उद्या खरंच ते सील गळायला लागलं, तर सर कुणालाही हेच सांगणार की सील नवीन आहे, आणि तो मेकॅनिक भलतीकडे शोधत बसणार. गाडीचा इतिहास खोटा असला की पुढचं सगळं निदान चुकतं. शिवाय पैसे त्यांचे होते. त्यांचं काय झालं ते कळण्याचा हक्कही त्यांचाच.

सर म्हणाले, "तो माझा विद्यार्थी आहे रे. आठवीत होता माझ्या वर्गात."

मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी सांगितलंच असतं, फक्त सगळ्यांसमोर सांगितलं नसतं.

मी विचारलं, जुनं सील बघायला मागितलं होतं का? नाही म्हणाले, घरच्या माणसाला असं कसं विचारायचं. मला वाटतं, घरच्या माणसाला तर आधी विचारावं. काढलेला पार्ट मागितल्यावर जो लगेच डिकीत ठेवून देतो, गाडी वर असताना 'या, बघा' म्हणतो, आणि नुसती ओल असेल तर 'खोलू नका, दर रविवारी पट्टी काढून ऑइलची पातळी बघत जा' असं सांगतो, त्याच्याकडे गाडी द्यावी. ओल येणं वेगळं, ठिबकणं वेगळं. जुन्या इंजिनला थोडी ओल असतेच. मात्र ऑइलच्या दिव्याची वाट बघत बसू नये. तो दाब पडल्यावर लागतो, तोवर उशीर झालेला असतो.

माझं बिल पॅकिंग, व्हॉल्व्ह, ऑइल-फिल्टर आणि मजुरी धरून साडेतीन हजारांच्या आत आलं.

नंतर सर गाडी दाखवायला आले. खाली सगळं कोरडं. चहा घेताना आपणहून म्हणाले, "गेलो होतो त्याच्याकडे. फोटो काही दाखवले नाहीत. नुसतं विचारलं. म्हणाला, सर, बिलात गडबड झाली असेल, आणि अर्धे पैसे परत दिले." सरांच्या दृष्टीने विषय मिटला होता. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे बघा, झालं की नाही सगळं नीट.

मला ते अर्धे पैसे कळत नाहीत. काम केलं असेल तर एक रुपया परत द्यायचं कारण नाही. केलं नसेल तर बाकीचे अर्धे कशाचे ठेवले? सरांना मी हे विचारलं नाही. फोटो मात्र त्यांच्या गाडीच्या जॉबकार्डला लावून ठेवलेत, आणि खाली लिहिलंय: क्रँक सील कंपनीचंच, बदललेलं नाही.