सिटी व्हीटेकला फ्लेक्स सेन्सर: घाट चढून आल्यावरचे आकडे

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा गाडी मुलुंडच्या पार्किंगमध्ये ठोकळ्यांवर होती आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा संयम संपत आला होता. आता ती चाकांवर आहे. परवा खंडाळ्याचा घाट चढून आली.

नव्यांसाठी थोडक्यात: २००१ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक, कागदावर १०६ बीएचपी. बाबांनी नवीकोरी घेतलेली, आता माझ्या गळ्यात. कंपनीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) काढून स्पीडुइनो, म्हणजे स्वतः ट्यून करता येणारा ओपन-सोर्स ईसीयू, बसवलाय. टर्बो नाही, बसवायचाही नाही. मग फ्लेक्स फ्युएल (पेट्रोलमधलं इथेनॉल सेन्सरने मोजून त्याप्रमाणे इंधन देणं) कशाला, हे सगळेच विचारतात. कारण पंपावर आता बहुतेक ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं आणि २००१ च्या ईसीयूला त्याचा पत्ता नाही. सिग्नलला रांगेत उभं असताना ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेतो. पाय खाली दाबला की मात्र ईसीयू डोळे मिटून जुन्या टेबलप्रमाणे पेट्रोल मारतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे मिश्रण सात-आठ टक्के लीन (इंधन कमी, हवा जास्त), आणि तेही नेमकं व्हीटेकचा मोठा लोब (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारा कॅमचा उंचवटा) लागतो तिथे. या गाडीची सगळी मजा जिथे, तिथेच ती उपाशी.

सेन्सर रिटर्न लाइनवर (इंजिनाकडून टाकीत परतणाऱ्या पाइपवर) बसवला. तो फ्रिक्वेन्सी देतो: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य इथेनॉल, १५० म्हणजे शंभर टक्के. पहिला दिवस नुसता शून्य बघण्यात गेला. पुल-अप रेझिस्टर (सिग्नलची तार वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारा) लावलाच नव्हता! लॅमिंग्टन रोडला जाऊन किरकोळ पैशांचा रेझिस्टर आणला, येण्याजाण्याचा खर्च त्याच्या शंभरपट. लावल्यावर ७० हर्ट्झ, म्हणजे वीस टक्के. खात्रीसाठी गॅलरीत मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल हलवून ठेवलं. खालचा थर २८ मिलीपर्यंत वाढला. इथेनॉल पाण्यात उतरतं, म्हणजे ९० मध्ये १८. हिशोब जुळला. (हे स्वयंपाकघरात करू नका. मला ऐकावं लागलं.)

आता खरी गोची. बेस मॅप (कुठल्या आरपीएम-लोडला किती इंधन, याचं मूळ टेबल) मी सेन्सर बंद ठेवून, पण टाकीत ई-२० असताना ट्यून केला होता. सेन्सर चालू केल्याबरोबर लॅम्डा (१.०० म्हणजे बरोबर मिश्रण, त्याखाली इंधन जास्त) १.०० वरून ०.८९ ला आला, सायलेन्सरमधून पेट्रोलचा वास. कारण स्पीडुइनोचं तयार सेटिंग शून्याला १०० आणि शंभराला १६३ टक्के, मधे सरळ रेघ. वीस टक्क्यांवर ते आणखी बारा-तेरा टक्के इंधन ओततं, आणि माझ्या मॅपमध्ये ई-२० चा हिशोब आधीच धरलेला. शिवाय १६३ हे वजनाचं गुणोत्तर आहे. इंजेक्टर मोजतो आकारमानाने, आणि इथेनॉल पेट्रोलपेक्षा थोडं जड. कागदावर परत मांडलं: शून्याला ९३, विसाला १००, ८५ ला १३३, शंभराला १४३. मधली रेघ सरळ नाही, वाकडी. ज्यांनी तयार आकडे तसेच ठेवलेत त्यांनी एकदा वाइडबँड (मिश्रण नेमकं मोजणारा सेन्सर) बघा, आणि लॅम्डाच बघा. एएफआर (हवा-इंधन प्रमाण) दाखवणारं मीटर पेट्रोलचीच पट्टी लावतं.

घाट माझा डायनो (इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र). दुसऱ्या गिअरमध्ये चढलं की वेगमर्यादा न मोडता भरपूर लोड मिळतो. मावसभाऊ लॅपटॉप घेऊन शेजारी. "दादा, जरा धर, अजून दोन खाने राहिलेत," असं चाललेलं, मागून ट्रक हॉर्न मारतोय. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८७-०.८८ वर स्थिर. ठिणगीचं टायमिंग दोन डिग्रीने पुढे घेतलं, नॉकिंगची (इंधन अवेळी पेटल्याची) टकटक कुठेच नाही. इथेनॉलचा ऑक्टेन (नॉकिंग रोखण्याची क्षमता) १०८ च्या आसपास, त्याचा थोडा हात असणार. पिकअप जाणवतो, पण उगाच फुगवून सांगत नाही: टर्बोवाल्यांना जे मिळतं ते इथे नाही. ॲव्हरेज मात्र पडलाच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच एक-तृतीयांश कमी, तिथे ट्यूनिंग काय करणार?

एक फजिती. ऐरोली पुलावर गाडी खोकायला लागली. चोवीस वर्षांचा टाकीतला गाळ इथेनॉलने सोडवला आणि फिल्टर तुंबला. तेव्हाच बघितलं, तर रिटर्नचा रबरी पाइप फुगून मऊ झालेला. कुर्ल्यात दुकानदाराने "पेट्रोलचा पाइप आहे, चालतो" म्हणून दिलेला. आता व्हायटॉनचा (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा) घातलाय, आणि डिकीत जादा फिल्टर.

मार्च २०२४ मध्ये देशात १८३ पंपांवर ई-१०० (जवळजवळ शुद्ध इथेनॉल) सुरू झालं, त्यात महाराष्ट्रही होता. टाकी, पंप आणि सगळे ओ-रिंग बदलल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. बाबांचं गाव कोल्हापूरकडे, त्यांना मात्र घाई झालीय. "उसावर चालणार म्हणतोस ना, मग चालव की!"

पुढचं काम पंपाचं. बाहेर काढून ठेवलाय, जाळी काळीकुट्ट निघाली.